रॅमभाऊ

मोशन ग्राफिक्सच्या प्रत्येक स्टुडिओत असा एक माणूस असतोच. सकाळी आल्याआल्या तो कुणाच्या तरी खुर्चीमागे उभा राहतो आणि स्क्रीनकडे बघत विचारतो, "किती खातंय?" नवीन पोराला वाटतं, आपल्या डब्याबद्दल चाललंय. तो काही बोलायच्या आत हा माणूस त्याच्या खांद्यावरून हात पुढे घालतो, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो, मेमरीचा आकडा वाचतो आणि म्हणतो, "एकोणऐंशी टक्के! अजून कामाला हातही लावला नाहीस." मग पुढच्या खुर्चीकडे सरकतो.

आमच्याकडच्या या माणसाला सगळे रॅमभाऊ म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर असेल.

रॅमभाऊ पन्नाशीचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा कपाळावर, खिशात पेनाच्या जागी पेनड्राइव्ह. दुसऱ्याच्या मशीनवर क्रोम उघडा दिसला की त्यांचा जीव वरखाली होतो. "चव्वेचाळीस टॅब! वाचणार आहेस का एवढं?" असं म्हणत ते विचारल्याशिवाय एकेक टॅब मिटत जातात. एकदा मालक बाहेर गेले असताना त्यांच्या केबिनमध्ये शिरून त्यांनी शेअर बाजाराची खिडकी मिटली होती. मालकांनी नंतर बराच आरडाओरडा केला, पण रॅमभाऊंचं म्हणणं एकच: "साहेब, सव्वा जीबी सुटली."

त्यांच्या स्वतःच्या मशीनवर वॉलपेपर नाही. काळं कुळकुळीत. काळ्या पडद्यानं अशी कितीशी मेमरी वाचणार, पण हे त्यांना सांगायला जाऊ नये. ते काही म्हणत नाहीत, नुसतं वरून खालपर्यंत बघतात.

या स्वभावाचं मूळ १९९७ मध्ये आहे. आफ्टर इफेक्ट्स हे आमचं चित्रं हलती करायचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावच्या एका छोट्या कंपनीनं १९९३ साली काढलं, लगेचच दोनदा हात बदलून १९९४ मध्ये ते अडोबीकडे गेलं आणि १९९७ मध्ये विंडोजवर आलं. हे सगळं रॅमभाऊंना तोंडपाठ आहे आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगतात. त्या साली त्यांच्या मशीनला ६४ एमबी रॅम होती. तेव्हाच्या टीव्हीचं चित्र ७२० गुणिले ५७६ पिक्सलचं. दर पिक्सलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकतेचा असे चार आकडे, म्हणजे एका चित्राला १६ लाख ५८ हजार ८८० बाइट. विंडोजचं पोट भरून उरलेल्या जागेत वीस-पंचवीस चित्रं मावायची. पडद्यावरचा एक सेकंद. रॅमभाऊ सलग एक सेकंद बघायचे, मग मेमरी रिकामी करायचे, मग पुढचा सेकंद बघायचे. अशा रीतीनं त्यांनी कित्येक बातमीपत्रांची शीर्षकं केली. "आम्ही अख्खी फिल्म कधी बघितलीच नाही, प्रेक्षकांबरोबरच बघायचो," असं ते सांगतात तेव्हा आवाजात तक्रार नसते, चक्क ऐट असते.

पुढे मशीनमध्ये चार जीबी आली, पण सुख आलं नाही. आफ्टर इफेक्ट्स तेव्हा ३२ बिटचा प्रोग्रॅम होता, आणि असला प्रोग्रॅम चार जीबीपलीकडचं मोजूच शकत नाही. विंडोज त्यातलेही साधारण दोनच त्याच्या हातावर ठेवायचं. बाकीची रॅम समोर दिसायची आणि वापरता यायची नाही. २०१० मध्ये सीएस फाइव्ह आलं, प्रोग्रॅम ६४ बिटचा झाला आणि ही अडचण एका रात्रीत मिटली. रॅमभाऊंनी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. मुलगा दहावी पास झाला तेव्हा नुसती बिस्किटं आली होती, अशी हिशेब बघणाऱ्या काकूंची नोंद आहे.

त्यानंतर सोळा झाली, बत्तीस झाली, चौसष्ट झाली. टास्क मॅनेजरमधला आकडा मात्र एकोणऐंशीवरच. कारण इकडे चित्रही वाढत होतं. एचडीचं एक चित्र ८३ लाख बाइटांचं, फोरकेचं तीन कोटी ३२ लाखांचं. त्यात रंग अधिक बारीक हवेत म्हणून दर आकड्याला ८ ऐवजी १६ बिट द्यायचे तर दुप्पट, ३२ द्यायचे तर चौपट. मालकांना वाटायचं, एवढे पैसे ओतले, आता हा माणूस गप्प बसेल. पण रॅमभाऊंच्या तोंडचं "पुरत नाही" हे वाक्य कुठल्याच बजेटनं बंद झालं नाही.

मोठं रेंडर लावायची, म्हणजे एकेक चित्र पक्कं करून फिल्म काढायची, वेळ आली की रॅमभाऊ वेगळेच दिसायला लागतात. आधी मशीन रिस्टार्ट. मग नेटची वायर काढायची, म्हणजे विंडोजला मध्येच अपडेटची हुक्की येणार नाही. मग एडिट मेन्यूतून पर्ज, म्हणजे मेमरीत आणि डिस्कवर साठलेली सगळी जुनी चित्रं साफ. मग सेटिंगमध्ये इतर प्रोग्रॅमसाठी राखून ठेवायच्या रॅमचा आकडा तपासायचा. नवी पोरं हुशारी करून तो अगदी खाली ओढतात, मग विंडोजलाच श्वास घ्यायला जागा उरत नाही, ते डिस्कवर उसनवारी सुरू करतं आणि सगळं मशीन गोगलगाय होतं. रॅमभाऊ तो आकडा पुन्हा वर नेतात आणि एक शब्दही न बोलता त्या पोराकडे बघतात. शेवटी कॅप्स लॉक. ही कळ चालू ठेवली की आफ्टर इफेक्ट्स रेंडर होत असलेलं चित्र पडद्यावर दाखवायचे कष्ट घेत नाही. खाली लाल पट्टी येते, आणि वाचलेला वेळ कामात जातो.

रेंडर संपल्यावर कॅप्स लॉक काढायचा असतो. तो रॅमभाऊ हटकून विसरतात. एकदा याच भरात त्यांनी एका ग्राहकाला बिलाची आठवण करणारी मेल लिहिली, ती सगळीच्या सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत गेली. चार महिने रखडलेले पैसे दुसऱ्या दिवशी जमा झाले. तेव्हापासून अडलेल्या बिलांच्या मेल काकू रॅमभाऊंकडूनच लिहून घेतात, आणि त्याही रेंडरनंतरच.

याखेरीज एक गुप्त विद्या आहे. जुन्या आवृत्त्यांत शिफ्ट दाबून ठेवून प्रेफरन्सेस उघडलं की यादीच्या तळाशी एक जादा पान दिसतं, आणि त्याचं नाव खरोखरच 'सीक्रेट' असं आहे. दर इतक्या फ्रेमांनंतर मेमरी रिकामी कर, अशी आज्ञा तिथे देता येते. मोठी चित्रं रेंडर होताना मध्येच कोसळायची, तेव्हा या पानानं अनेकांची अब्रू राखली. रॅमभाऊ ही विद्या कुणालाही देत नाहीत. कुणी वर्षभर कामात टिकला, टॅब दहाच्या आत ठेवायला शिकला, तर संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याला बोलावतात, इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, "शिफ्ट दाब."

तर अशा या माणसापुढे आप्पांचा फ्लेक्स आला.

आप्पा म्हणजे उपनगरातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या वाढदिवसाला चौकात चाळीस बाय वीस फुटांचा फ्लेक्स लागणार होता. डावीकडे आप्पा, गॉगल लावलेले, मोबाइल कानाला, चाल पुढे. उजवीकडे पाच रांगांत समस्त शुभेच्छुक मित्रपरिवार, शंभरावर चेहरे, बहुतेकांना गॉगल. आप्पांच्या स्वीय सहायकांची कल्पना अशी की याच फ्लेक्सची एक मिनिटाची फिल्म करायची. कॅमेरा आप्पांच्या गॉगलमधल्या चमकेपासून सुरू होईल, एकेका रांगेवरून जाईल, प्रत्येकाचा चेहरा ओळखू येईल, आणि शेवटी मागे येत येत अख्खा फ्लेक्स उलगडेल. वाढदिवसाच्या दिवशी ही फिल्म एलईडी व्हॅनवर फिरणार.

फाइल फ्लेक्सवाल्याकडून आली. कोरल ड्रॉमध्ये केलेली, मजकूर श्रीलिपीच्या फाँटात, त्यामुळे उघडल्यावर पहिल्यांदा 'हार्दिक शुभेच्छा'च्या जागी कीडमुंग्या दिसल्या. मग त्याच्याकडून जेपेग मागवली. ती आली चाळीस एमबीची, ई-मेलनं पाठवता येणार नाही एवढीच काय ती मोठी. स्वीय सहायक म्हणाले, "चाळीस एमबी म्हणजे काहीच नाही ना? संध्याकाळपर्यंत द्या."

रॅमभाऊंनी फाइलचे गुणधर्म बघितले आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. चाळीस फूट, दर इंचाला ७२ पिक्सल. आडवे ३४,५६० आणि उभे १७,२८०. आफ्टर इफेक्ट्सची कुठल्याही बाजूची कमाल मर्यादा ३०,००० पिक्सल. आप्पा त्यात बसतच नव्हते.

"आप्पांना थोडं आखडतं घ्यावं लागेल," रॅमभाऊ म्हणाले.

"आप्पा कुणासाठी आखडतं घेत नाहीत," स्वीय सहायक म्हणाले.

शेवटी तीस फुटांच्या हिशेबानं, पाऊण आकार करून, २५,९२० गुणिले १२,९६० पिक्सलवर तडजोड झाली, ती आप्पांना न सांगण्याच्या अटीवर. रॅमभाऊंनी कागदावर गुणाकार केला. ३३ कोटी ५९ लाख पिक्सल. "तेहतीस कोटी," ते हळूच म्हणाले, "आणि वर एकोणसाठ लाख कार्यकर्ते."

दर पिक्सलला चार आकडे, म्हणजे साध्या ८ बिटमध्येही १३४ कोटी बाइट, १.३४ जीबी. चाळीस एमबीचे हे एवढे कसे झाले, ते स्वीय सहायकांना कळेना. रॅमभाऊंनी समजावलं: "तुमच्या सभेची सतरंजी टेम्पोत गुंडाळून येते, तेव्हा एका पोराच्या काखेत मावते. पसरायची म्हटली की मैदान लागतं. जेपेग म्हणजे गुंडाळलेली. आफ्टर इफेक्ट्स ती पसरतं. तुम्हाला एक कोपराच बघायचा असला तरी आधी पूर्ण पसरतं." सहायकांना सतरंजी कळली. त्यांनी तेवढ्यात कुणाला तरी फोन लावून सतरंज्या सांगितल्या आहेत ना, ते विचारून घेतलं.

त्यात आमच्या मालकांना फिल्मी झगमगाट हवा होता, म्हणून प्रोजेक्ट ३२ बिट रंगात. म्हणजे चौपट, एका प्रतीला ५.३७ जीबी. इफेक्ट लावला की मूळ प्रत एक, नवी एक, मधल्या हिशेबाला आणखी एक: सोळा जीबी. आणि २०२१ पासून या सॉफ्टवेअरमध्ये अनेक फ्रेमा एकदम रेंडर करायची सोय आहे. चार फ्रेमा एकाच वेळी धरल्या की चौसष्ट. मशीनमध्ये होती नेमकी चौसष्ट, आणि विंडोजनं काय हवा खायची? नव्या पोरानं रेंडर दाबलं, पडदा पांढरा झाला, पंखा गिरणीसारखा ओरडला, आणि खिडकी आली: इतक्या बाय इतक्या आकाराच्या चित्रासाठी मेमरी मिळू शकत नाही. रॅमभाऊंनी ती सूचना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी ते लोकांचे टॅब मिटत आले होते, तो क्षण आला होता.

ते तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि आणखी चौसष्ट जीबी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मागणी शंभर टक्के रास्त होती, आणि नेमका तेव्हाच बाजार फिरलेला. एआयच्या डेटा सेंटरांनी जगातली मेमरी ओढून घ्यायला सुरुवात केली होती. २०२५च्या डिसेंबरात मायक्रॉन कंपनीनं तर घरगुती ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा आपला ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. ती बातमी वाचून रॅमभाऊ त्या दिवशी जेवले नव्हते. मालकांनी तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन करून भाव विचारला, ऐकला आणि फोन ठेवून दिला. मग म्हणाले, "रॅमभाऊ, या पैशात मी आणखी एक माणूस ठेवीन."

"माणूस काय कामाचा?" रॅमभाऊ म्हणाले आणि बाहेर आले.

पुढे जे झालं ते मी शेजारच्या टेबलावरून बघितलं. खरं तर उपाय त्यांना पहिल्या मिनिटापासून माहीत होता. रॅम मिळायची आशा होती तोवर तो वापरायचा नव्हता, इतकंच. त्यांनी नव्या पोराचा प्रोजेक्ट उघडला आणि चकाकीचा इफेक्ट कुठे लावलाय ते बघितलं. तो फ्लेक्सच्या लेयरवरच होता. आफ्टर इफेक्ट्समध्ये लेयरवर आधी इफेक्ट चढतात आणि मग तो लेयर लहान-मोठा होतो, सरकतो. म्हणजे चकाकी आधी पूर्ण तेहतीस कोटींवर चढायची आणि मग ते सगळं आकसून पडद्याच्या १,९२० गुणिले १,०८० मध्ये, वीस लाख ७३ हजार पिक्सलमध्ये बसायचं. पडद्यावरच्या एका ठिपक्यासाठी १६२ ठिपक्यांची रंगरंगोटी. रॅमभाऊंनी तो इफेक्ट काढला आणि सगळ्यात शेवटी, आकसून झालेल्या चित्रावर लावला. ५.३७ जीबीवर चाललेलं काम ३३ एमबीवर आलं. पोरगा बघत राहिला. तोवर त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, कारण त्याच्या शिक्षणात मेमरी कधी संपली नव्हती.

मग त्यांनी फ्लेक्सला फोटोशॉपमध्ये घातलं आणि कात्री चालवली. अख्खा फ्लेक्स दिसतो त्या दृश्यासाठी ३,८४० पिक्सल रुंदीची छोटी प्रत. आप्पांच्या गॉगलचा वेगळा तुकडा. पाच रांगांच्या पाच पट्ट्या, आणि त्यांचेही तुकडे. कॅमेरा जिथे वेगात मागे येतो तिथे एक प्रत हळूच विरघळते आणि दुसरी येते, चार-पाच फ्रेमांत, डोळ्याला कळणार नाही अशी. कुठल्याही क्षणी मेमरीत दिसेल तेवढंच चित्र, बाकीचं डिस्कवर. फिल्मही त्यांनी सरळ व्हिडिओ म्हणून काढली नाही, दीड हजार फ्रेमांच्या दीड हजार सुट्या पीएनजी काढल्या, म्हणजे लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून नको. लाइट गेलीच. ११८० झाल्या होत्या. आल्यावर त्यांनी ११८१ पासून पुढे लावलं आणि डबा उघडला.

मध्ये स्वीय सहायक येऊन बघून गेले. रॅमभाऊंनी त्यांना व्हॅनचा पडदा केवढा आहे ते विचारलं. दहा फूट रुंद, दर सहा मिलिमीटरला एक दिवा. म्हणजे आडवे फक्त पाचशे-सव्वापाचशे पिक्सल. "साहेब, इतक्या पडद्यावर गॉगल आणि चेहरा वेगळा दिसला तरी पुष्कळ," रॅमभाऊ म्हणाले. सहायकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण क्वालिटी कमी करू नका."

फिल्म झाली. आप्पांना आवडली. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवायला ती दाबून दाबून इतकी लहान केली गेली की पाचव्या रांगेत माणसं आहेत की मिरच्यांची रोपं, ते सांगता येईना. तिथवर ठीक होतं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी सहायकांचा फोन आला. तिसऱ्या रांगेतले डावीकडून सहावे गृहस्थ सकाळी दुसऱ्या गटात गेले होते. त्यांना ताबडतोब काढायचं होतं.

"काढतो," रॅमभाऊ म्हणाले.

"आणि आता एक माणूस कमी झाला, म्हणजे फाइल हलकी होईल ना? मग लवकर द्या."

"हलकी नाही होत साहेब. माणूस काढला तरी मागचं आभाळ राहतं. रिकाम्या आभाळाचा पिक्सलसुद्धा तेवढीच मेमरी खातो."

पलीकडे क्षणभर विचार झाला.

"तेवढीच खातो? मग रिकामं कशाला ठेवता? थांबा, आमच्या मेव्हण्याचा फोटो पाठवतो."